टीव्ही घरचा, टेपरेकॉर्डरही घरचाच: पुण्याच्या ‘डीबी स्पेक्ट्रम’चा हिशेब

साताऱ्यात वा सांगलीत आज गेमिंग पीसी जुळवू पाहणारा तरुण ग्राफिक्स कार्डावर किती आणि मेमरीवर किती खर्च करावा, या विवंचनेत असतो. ही विवंचना जुनी आहे. १९८६ साली तिचे एक उत्तर पुण्यात तयार होत होते.

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्या वर्षी ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीच्या यंत्राची ही परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती होय. तत्पूर्वी परदेशी संगणक घरी आणणे म्हणजे आयात शुल्क आणि परवाने यांचा डोंगर ओलांडणे. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने ही वाट काहीशी सुकर केली.

मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मधला. १६ किलोबाइट मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. म्हणजे मेमरीसाठी जादा पैसे मोजावेत की नाही, हा प्रश्न तेव्हाही ग्राहकापुढे होताच.

सिंक्लेअरची खरी चतुराई मात्र डब्याबाहेर ठेवलेल्या वस्तूंत दिसते. पडदा दिला नाही. घरचा टीव्ही जोडायचा. डिस्कही दिली नाही. खेळ साध्या ध्वनिफितीवर, म्हणजे कॅसेटवर, आणि ती वाजवायला घरचाच टेपरेकॉर्डर. किंमत कमी झाली ती अशी: निम्मा संच ग्राहकाने आधीच विकत घेतलेला होता.

इंग्लंडमध्ये हे गृहीत धरता येत होते. आपल्याकडे? रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले आणि १९८४ मध्ये दूरदर्शनचे लघुशक्ती प्रक्षेपक देशभर झपाट्याने उभे राहिले. तरी कितीतरी घरांत संच कृष्णधवलच होता. त्यावर स्पेक्ट्रमचे रंग करड्या छटा होऊन उमटत. पुण्याबाहेरच्या ग्राहकाला व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि जकात यांचाही विचार करावा लागे, तो वेगळाच.

रंगांचीही काटकसर पाहण्याजोगी आहे. पडदा २५६ गुणिले १९२ बिंदूंचा. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र रंग द्यायचा, तर सुमारे २४ किलोबाइट लागले असते, म्हणजे निम्मी मेमरी! म्हणून ८ गुणिले ८ बिंदूंच्या चौकोनात दोनच रंग, असा नियम केला गेला आणि सारे चित्र ६,९१२ बाइटांत बसले. खेळातला नायक भिंतीजवळ गेला की त्याचा रंग भिंतीला लागे किंवा भिंतीचा त्याला. रसिक याला दोष म्हणत. वस्तुतः ती बचतीची खूण होती.

एक खेळ कॅसेटवरून चढायला चार-पाच मिनिटे लागत. कर्कश आवाज, कडेला पळणारे रंगीत पट्टे आणि प्रतीक्षा. मध्येच वीज गेली की सारे पुसले जाई. कोयनेच्या जिल्ह्यातही याला अपवाद नव्हता.

एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरने आपला संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांत विकला. पुण्यात बनलेले काही हजार संच मात्र खपले. १९९० च्या सुमारास ही बाजारपेठ ओसरली.