चोख्याच्या नावाची शाळा

१९१० च्या सुमारास नागपुरातून 'निराश्रित हिंद नागरिक' या नावाचे एक मराठी पत्र निघू लागले, आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांची नावे ज्यांनी डोळ्यांखालून घातली असतील त्यांना या तीन शब्दांची जुळणी विलक्षण वाटल्यावाचून राहणार नाही. यांतला पहिला शब्द त्या वेळी नवा होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापिलेल्या निराश्रित साह्यकारी मंडळीमुळे तो अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी रूढ होऊ लागला होता. दुसऱ्या शब्दाने जातीची आणि प्रांताची वेस ओलांडून सगळा देश कवेत घेतला होता. आणि तिसरा शब्द तर असा, की जो त्या वेळी या देशात ब्राह्मणालाही लावता आला नसता, कारण कायद्याच्या दृष्टीने येथील लहानथोर सर्वजण सम्राटाची प्रजा होते, नागरिक कोणीच नव्हता. ज्यांना गावच्या विहिरीवर घागर बुडविण्याची मुभा नव्हती त्यांच्यातील एका माणसाने आपल्या बांधवांना, राज्यघटनेच्या चाळीस वर्षे आधी, या नावाने हाक मारावी, ही गोष्ट मला त्या पत्रातील कोणत्याही अग्रलेखाइतकीच मोलाची वाटते.

हे पत्र काढणारे गृहस्थ किसन फागुजी बनसोडे. १८७९ साली नागपूर जिल्ह्यातील मोहपा या गावी त्यांचा जन्म झाला आणि १९४६ साली ते निवर्तले. या सदुसष्ट वर्षांतील जवळजवळ सगळा कर्तेपणाचा काळ त्यांनी नागपुरात शाळा काढण्यात, सभा भरविण्यात आणि पत्रे चालविण्यात वेचला.

ज्या नागपुरात त्यांनी हे केले ते शहर कसे घडत होते, हे पाहिल्याशिवाय त्या कामाचे मर्म कळत नाही. तिसरे रघुजी भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७ साली मुंबईची आगगाडी येथवर आली. आणि १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्लीला व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, जुम्मा तलावाच्या काठी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या प्रांतातील महार समाजात कोटवारीसारख्या गावकामाबरोबरच जाडेभरडे कापड विणण्याचा पिढीजात धंदा होता. यंत्राच्या कापडाने तो धंदा बसत चालला, तशी तीच माणसे आपले गाव आणि मालगुजाराचा वाडा मागे टाकून गिरणीच्या भोंग्याखाली येऊन वसली. गिरणीतले कष्ट काही हलके नव्हते. परंतु तेथील हजेरीपटावर माणसाचे नाव चढत असे आणि महिन्याअखेर हातात रोख पैसा पडत असे. बलुत्याच्या धान्याने पोट भरते. वर्तमानपत्राची वर्गणी आणि मुलीची पाटी मात्र रोख पैशानेच येते. नागपूरचे महार समाजजीवन पुढे इतके जागे आणि संघटित का झाले, याची कारणे शोधताना पुढाऱ्यांच्या भाषणांइतकेच या पगाराच्या दिवसाकडेही पाहावे लागेल.

अशा वस्तीत बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी 'सन्मार्ग बोधक निराश्रित समाज' ही संस्था स्थापिली, आणि पुढे लोकांच्या छापखान्यांवर विसंबून चालणार नाही हे ओळखून स्वतःचा छापखाना घातला. त्यांच्या पत्नी तुळसाबाई या त्या छापखान्याच्या कामात बरोबरीने उभ्या राहिल्या, आणि या चरित्रातील मला सर्वात हृद्य वाटणारा भाग तोच आहे. खिळे जुळविण्याचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांस ते किती चिकाटीचे असते हे ठाऊक आहे: समोर उतरती केस, तिच्या शेकडो लहान कप्प्यांत शिशाचे खिळे; डाव्या हातात जुळणीची पट्टी, आणि उजव्या हाताने एकेक अक्षर उचलून ते उलटे रचीत जावयाचे. त्यात मराठीचा थाट वेगळाच, कारण अर्धे अक्षर निराळे, जोडाक्षर निराळे, वेलांटी आणि रफार निराळे. एक ओळ भरेपर्यंत बोटे काळी होतात, आणि छापून झाले की तेच खिळे सोडवून, जेथून काढले त्याच कप्प्यांत परत टाकावे लागतात. जिच्या जातीला अक्षराचा अधिकार शतकानुशतके नाकारलेला होता, ती या घरातील गृहिणी चूलपाणी आटोपून ही अक्षरे हाताने वेचीत होती. समाजसेवकांच्या चरित्रांत पत्नीचे नाव बहुधा 'त्यांनी संसाराचा भार वाहिला' एवढ्या एका वाक्यापुरते येते. येथे संसार आणि सार्वजनिक कार्य यांमध्ये भिंत अशी नव्हतीच.

त्या छापखान्याच्या आणि त्या माणसाच्या आयुष्याचा आलेख पत्रांच्या शीर्षकांवरूनच काढता येतो. १९१३ साली 'विटाळ विध्वंसक' निघाले, ज्याच्या नावातच घणाचा आघात आहे. १९१८ साली 'मजूर पत्रिका' निघाली आणि चार वर्षे चालली. महायुद्धाच्या अखेरीस महागाईने गिरणी कामगार पिचून गेला होता, आणि अस्पृश्यतेचा प्रश्न हा श्रमाचाही प्रश्न आहे हे बनसोडे यांना पोथीतून शिकावे लागले नव्हते. १९३१ साली निघालेल्या पत्राचे नाव 'चोखामेळा'. निराश्रित, विटाळ, मजूर आणि शेवटी एक संत: असा हा प्रवास.

चोखोबांचे नाव मात्र त्यांच्या मनात फार आधीपासून होते. १९०७ साली त्यांनी पाचपावली भागात मुलींची शाळा काढली, ती चोखामेळ्याच्याच नावाने. मुलींची, हे विशेष. ज्या समाजात मुलग्यालाही सरकारी शाळेच्या पडवीत, बहुधा उंबऱ्याबाहेर बसावे लागे, तेथे आधी मुलगे शिकोत, मुलींचे मागाहून पाहू, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ असतात. बनसोडे यांनी तसे म्हटले नाही.

त्यांच्या प्रेरणेने कोण घडले, याचे एकच उदाहरण देतो, पण ते सविस्तर द्यावयास हवे. उमरेडकडे १८९२ साली जन्मलेली जाईबाई नावाची मुलगी दुष्काळाच्या दिवसांत आईवडिलांबरोबर नागपुरास आली, नवव्या वर्षी बापूजी चौधरी यांच्याशी तिचा विवाह झाला, आणि घरच्या गरिबीमुळे ती नागपूर ते कामठी अशी हमाली करू लागली. कामठी ही इंग्रजांची छावणी. नागपुराहून अंतर सुमारे पाच कोस. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओझे, वैशाखाचे ऊन आणि पायाखाली तापलेला रस्ता, असा तो नित्याचा प्रवास. या मुलीला दोन अक्षरे येतात हे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या ध्यानी आले, आणि त्यांनी तिला दरमहा चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली. पण नवी शिक्षिका महार आहे हे कळताच सवर्ण पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. दुसरे कोणी असते तर परत चुंबळ उचलली असती. जाईबाई बनसोडे यांच्या चळवळीत आल्या, आणि १९२२ साली त्यांनी आपली स्वतःची मुलींची शाळा उघडली. तिचे नाव 'संत चोखामेळा कन्या पाठशाळा'.

दोघांनीही हेच नाव का निवडले असावे? चोखोबा मंगळवेढ्याचे, वेस बांधण्याच्या कामावर भिंत कोसळून तिच्याखाली गेलेले मजूर. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे, म्हणजे मरणानंतरही पायरीच्या अलीकडेच. हे सर्वांस माहीत आहे. पण चोखोबांचे घर हे सबंधच्या सबंध कवींचे घर होते, इकडे लक्ष कमी जाते. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, या प्रत्येकाचे अभंग उपलब्ध आहेत. कर्ममेळ्याच्या वाणीत तर देवाला जाब विचारण्याचा कडवटपणा बापाहून अधिक आहे. नवरा पत्राचा मजकूर लिहितो आणि बायको तो खिळ्यांत उभा करते, अशा घराला पूर्वज हवा असेल तर याहून जवळचा कोणता सापडणार होता?

पुढे काळ बदलला. १९३५ साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्मत्यागाची घोषणा केली, आणि तरुण पिढीला चोखोबांची नम्रता जाचू लागली. पायरीशी बसणाऱ्या भक्ताचे नाव आता शाळेवर कशाला, असे विचारले जाऊ लागले. बनसोडे यांना धर्मांतराचा मार्ग पटला नाही. ज्या लोकांसाठी त्यांनी आयुष्य झिजविले ते लोक आंबेडकरांच्या मागे गेले, आणि जाणे योग्यच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मंदिराच्या दाराशी आणखी किती शतके तिष्ठावयाचे? तथापि मार्ग चुकला म्हणून ज्याने चालावयास शिकविले त्याला विसरावे, हे मला पटत नाही. स्वतः आंबेडकरांची दृष्टी याहून उदार होती. अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध करताना त्यांनी तो ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर तिसरे नाव चोखामेळ्याचे आहे. बनसोडे त्याच्या दोन वर्षे आधीच गेलेले होते.

त्यांच्या हयातीत मात्र एक गोष्ट नागपुरात घडली. १९४२ च्या जुलै महिन्यात येथील मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापण्याचा ठराव झाला, आणि परिषदेला जोडून २० जुलैस सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची निराळी परिषद झाली. स्त्रियांचा समुदाय वीस-पंचवीस हजारांचा होता, आणि तो पाहून डॉ. आंबेडकरांनाही धन्यता वाटली. बनसोडे त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे होते. पाचपावलीच्या शाळेत १९०७ साली सात वर्षांची म्हणून बसलेली मुलगी त्या दिवशी बेचाळीस वर्षांची असणार, आणि तिची लेक तिच्या शेजारी बसण्याएवढी.