साबणवाल्यांची पोथी

श्रोतेहो, चातुर्मासात गावच्या देवळात पोथी लागते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दिवसभराची कामे उरकून माणसे जमतात, रोज एकेक अध्याय होतो, आणि नेमके कथेला रंग चढला की बुवा पोथी बांधून ठेवतात. "आता उद्या!" मग पुढे काय झाले असेल, याचा विचार करीत माणूस कंदील घेऊन घरी जातो. कथा तोडावी कुठे, हे ज्याला कळले त्याला श्रोते टिकविण्याची कला साधली.

हीच कला अमेरिकेत नभोवाणीवर गेली. फरक एवढाच, की तिथे पोथीपुढच्या समईत तेल घालणारे होते साबणाचे कारखानदार! म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांनी या रोजच्या कौटुंबिक कथामालांना थट्टेने नाव दिले, 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाचे संगीत नाटक. नाव थट्टेचे, पण तेच जगभर रूढ झाले. या साबणाच्या नाटकाची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. ती सांगण्याजोगी आहे, कारण घरात येणारी कथा कोणाच्या पैशाने येते आणि घरातल्या माणसांचे काय करते, हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे.

गोष्ट सुरू होते १९३० साली, शिकागो शहरात. आदल्याच वर्षी अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला होता. १९३३ सालापर्यंत अशी पाळी आली, की काम करणाऱ्या दर चार माणसांतला जवळजवळ एक बेकार झाला. खेड्यांची स्थिती आणखी वाईट. आज आपल्याला खरे वाटणार नाही, पण १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी रेडिओ चाले तो बॅटरीवर. करमणूक अशी काय ती या एका पेटीतून येणारी.

आता तिथल्या नभोवाणीची व्यवस्था ध्यानात घ्या. ती सरकारी नव्हती. रेडिओ बाळगण्याचा परवाना नाही, वर्गणी नाही. सारा खर्च जाहिरातदार करीत. संध्याकाळी घरातले सगळे ऐकतात, म्हणून संध्याकाळच्या वेळेला मोल फार. दुपारची वेळ मात्र पडून असे. दुपारी ऐकणार कोण? घरात तर फक्त बायका! पण साबणाच्या कारखानदारांनी हिशेब उलटा मांडला. घरात साबण कोण विकत आणते? बायकाच. मग त्यांच्याशीच, त्या कपडे धूत, भांडी घाशीत असतानाच बोलावे, हे उत्तम. दुपारची ओसाड वेळ अशी एकाएकी सोन्याची झाली.

या कामी पुढे आली ती शाळेत शिकविणारी एक बाई, अर्ना फिलिप्स. शिक्षक बंधुभगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे. १९०१ साली शिकागोत जन्मलेल्या या बाईंनी ओहायो राज्यात शिक्षिकेची नोकरी केली आणि मग शिकागोच्या डब्ल्यू-जी-एन या केंद्रासाठी 'पेंटेड ड्रीम्स' नावाची मालिका लिहिली. २० ऑक्टोबर १९३० रोजी ती सुरू झाली. एक आई, तिची वाढती मुलगी आणि घरातल्या चार गोष्टी, एवढाच विषय. लिहिणारी तीच आणि त्यात भूमिका करणारीही तीच.

पुढे बाईंनी ती मालिका मोठ्या जाळ्यावर नेण्याचे मनात आणले. केंद्र म्हणाले, "मालिका आमची." प्रकरण कोर्टात गेले आणि निकाल बाईंच्या विरुद्ध लागला. पण त्या खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसल्या नाहीत. १९३२ साली त्यांनी दुसऱ्या केंद्रावर 'टुडेज चिल्ड्रन' ही नवी मालिका उभी केली आणि यापुढे लिहू त्याची मालकी आपल्याच हाती ठेवायची, हा धडा घेतला.

१९३३ साली सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने 'मा पर्किन्स' सुरू केली. ही कंपनी १८३७ सालची. एक मेणबत्त्या करणारा आणि एक साबण करणारा अशा दोघांनी काढलेली. तिच्या 'ऑक्सिडॉल' या कपडे धुण्याच्या साबणपुडीचे नाव मालिकेला जोडलेलेच असे. मा पर्किन्स कोण? रशव्हिल सेंटर नावाच्या काल्पनिक गावात लाकडाची वखार चालवणारी एक विधवा. तीन मुलांची आई, आणि सगळ्या गावाला सल्ला देणारी. दुसऱ्या महायुद्धात तिचा मुलगा जॉन लढाईत कामी येतो, असेही त्या कथेत आले. ज्या घरांतली मुले खरोखरच आघाडीवर होती, त्या घरांत हा भाग कसा ऐकला गेला असेल, याची कल्पना आपणच करावी. या म्हाताऱ्या बाईचे काम करीत होती व्हर्जिनिया पेन. मालिका सुरू झाली तेव्हा तिचे वय अवघे तेवीस! सत्तावीस वर्षे ते काम तिने एकटीने केले.

या मालिकांची घडणही पाहण्यासारखी आहे. सोमवार ते शुक्रवार रोज पंधरा मिनिटे. आरंभी ऑर्गनचे सूर, मग निवेदक कालची गोष्ट थोडक्यात सांगणार, मग साबणाची स्तुती, मग एखाददुसरा प्रवेश, पुन्हा साबण, आणि शेवटी निवेदकाचा प्रश्न: आता हिचे काय होणार? कथा मुद्दामच संथ चाले. ऐकणारी बाई मधेच उठून चुलीकडे जाणार, दाराशी कोणी आले तर पाहणार. एक दिवस चुकला तरी तिला धागा सापडला पाहिजे. फ्रँक आणि ॲन हमर्ट या नवराबायकोने तर कथांचा कारखानाच काढला. कथेचा आराखडा ते सांगत आणि पगारी लेखक संवाद भरत. अर्ना फिलिप्सबाईंची तऱ्हा वेगळी. त्या सगळ्या पात्रांची सोंगे स्वतःच वठवीत बोलत जात आणि समोर बसलेली लेखनिक ते टिपून घेई.

याच बाईंची सर्वांत गाजलेली मालिका 'द गायडिंग लाइट', म्हणजे वाट दाखविणारा दिवा. ती सुरू झाली २५ जानेवारी १९३७ रोजी. तरुणपणी त्यांचे मूल जन्मतःच मृत झाले होते. त्या दुःखात एका धर्मोपदेशकाची नभोवाणीवरील प्रवचने ऐकून त्यांना धीर आला. म्हणून या मालिकेचा नायक त्यांनी धर्मोपदेशकच केला. तो आपल्या खिडकीत रात्री दिवा ठेवी, की अडल्यानडल्या माणसाला कळावे, इथे कोणीतरी जागे आहे. पैसा साबणाचा खरा, पण तो दिवा एका आईच्या दुःखातून लागलेला होता.

शहाण्या लोकांनी मात्र या मालिकांना नाके मुरडली. १९४२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉ. लुई बर्ग यांनी जाहीर केले, की या कथा ऐकून बायकांच्या नाडीवर, रक्तदाबावर भयंकर परिणाम होतात. आता हा प्रयोग त्यांनी कोणावर केला? स्वतःवरच! मालिका ऐकायच्या आणि आपलाच रक्तदाब मोजायचा. १९४८ साली विनोदी लेखक जेम्स थर्बर यांनीही 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात या साबणनगरीवर लेखमाला लिहिली, पण त्यांनी निदान सारा कारभार बारकाईने पाहिला होता.

एक साधी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात आली नाही: ऐकणाऱ्या बाईलाच जाऊन विचारावे. ते काम केले व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या हेर्टा हेर्झोग या विदुषीने. न्यूयॉर्क भागातल्या शंभर बायकांशी बोलून तिने १९४१ साली निबंध प्रसिद्ध केला. पुढे तिने ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या बायकांची तुलनाही केली. ऐकणाऱ्या बायका काही जगापासून तुटलेल्या नव्हत्या, असे दिसले. काहींना रडून मन मोकळे करायचे असे, काहींना सुखाचे स्वप्न पाहायचे असे, आणि पुष्कळजणी त्यांतून व्यवहार शिकत: नवरा चिडला तर काय बोलावे, मुलाला कसे समजवावे. घरात ज्यांना विचारायला कोणी नव्हते, त्या नभोवाणीला विचारीत होत्या.

मग दूरचित्रवाणी आली. १९४९ साली फिलिप्सबाईंनी केलेला तिथला पहिला प्रयत्न महिनाभरातच बारगळला. पण ३० जून १९५२ ला 'द गायडिंग लाइट' पडद्यावर गेली आणि चार वर्षे नभोवाणीवरही चालू राहिली. २ एप्रिल १९५६ ला त्यांची 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' सुरू झाली, ती पंधराऐवजी तीस मिनिटांची. २२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारी तीच मालिका चालू असताना मध्येच निवेदन आले, की राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. असंख्य घरांत ती बातमी पोचली ती या साबणाच्या नाटकामधून.

नभोवाणीवरच्या मालिकांचा दिवस मात्र मावळला. २५ नोव्हेंबर १९६० रोजी सी-बी-एस जाळ्यावरील शेवटच्या चार मालिका एकाच दिवशी संपल्या. त्यांत 'मा पर्किन्स' होती. तिचा तो ७,०६५ वा भाग. प्रयोग संपल्यावर व्हर्जिनिया पेनने आपले खरे नाव सांगून श्रोत्यांचा निरोप घेतला.

आता या हकीकतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग सांगतो. फिलिप्सबाईंच्या हाताखाली तयार झालेली ॲग्नेस निक्सन नावाची लेखिका होती. तिची एक मैत्रीण गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने वारली. साध्या तपासणीने हा रोग वेळीच कळू शकतो, हे तेव्हा कितीतरी बायकांना ठाऊक नव्हते. निक्सनबाईंनी ठरविले, की 'गायडिंग लाइट'मधल्या बर्ट बावर या सर्वांच्या आवडत्या गृहिणीची अशी तपासणी होते आणि तिचा जीव वाचतो, असे दाखवायचे. साबणवाले आणि प्रक्षेपणवाले बिचकले. अखेर परवानगी मिळाली ती एका अटीवर: 'कर्करोग' म्हणायचे नाही, 'गर्भाशय' म्हणायचे नाही, शस्त्रक्रियेचे नावही घ्यायचे नाही! रोगाचे नाव न घेता रोगापासून वाचवायचे. तरी १९६२ साली तो कथाभाग झाला आणि ऐकणाऱ्या बायकांना जे कळायचे ते कळले. साबण विकणाऱ्यांच्याच वेळात एका बाईने हे काम करून घेतले.

पुढे वैभवाची वर्षे आली. १९८१ साली 'जनरल हॉस्पिटल' मालिकेतल्या ल्यूक आणि लॉरा यांचे लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिले. पण दरम्यान अमेरिकेतल्या बायका नोकरीसाठी घराबाहेर पडल्या, दुपारचा श्रोतृवर्ग पांगला आणि वाहिन्या वाढल्या. 'गायडिंग लाइट' १८ सप्टेंबर २००९ ला बंद झाली, नभोवाणी धरून बहात्तर वर्षांनी. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' त्यापुढच्या वर्षी. तरी वंश खुंटला नाही. २०२५ साली सी-बी-एसवर 'बियाँड द गेट्स' ही नवी मालिका सुरू झाली, आणि तिच्या निर्मात्यांत पुन्हा प्रॉक्टर अँड गँबल आहेच!

या रोपाचे बी दूरवर पडले. १९६९ साली पेरू देशात 'सिंप्लेमेंते मारिया' मालिकेतली गरीब मोलकरीण शिलाई शिकून वर येते, ते पाहून तिथे शिलाई यंत्रांचा खप वाढला. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी हे हेरले. यंत्र खपते तर अक्षरही का खपू नये? १९७५ साली त्यांनी प्रौढ साक्षरतेवर आणि १९७७ साली कुटुंबनियोजनावर मालिका केल्या. ते काम आपल्या वर्ध्याचे खासदार आणि तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी मेक्सिकोच्या भेटीत पाहिले. त्यातून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, आणि भागाअखेरीस चार शब्द सांगणारे अशोककुमार. साबणाच्या जागी तिथे झटपट शिजणाऱ्या नूडल्स होत्या, एवढाच फरक!

पण एक गंमत झाली. आरंभी उपदेश फार झाला, तो लोकांना रुचला नाही, म्हणून कमी करावा लागला. आणि भागवंती नावाची सोशिक आई दाखवली होती ती बायकांनी इतके सोसू नये म्हणून. पण कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. कथा सांगणाऱ्याच्या मनात एक असते, ऐकणारा उचलतो दुसरेच. वर्गात धडा शिकविणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही.

म्हणून सांगायचे एवढेच. घरातली माणसे मालिका पाहतात म्हणून त्यांना हसू नका. हेर्झोगबाईंसारखे त्यांना विचारा, की यातून तुम्ही काय घेतले? शिक्षकांनी मुलांनाही विचारावे. आणि पोथी रोज नेमकी कुठे बांधली जाते, तसेच समईत तेल कोणाचे आहे, याकडेही लक्ष असू द्यावे. तेल कोणाचेही असले, तरी त्या उजेडात काय वाचायचे, हे आपले आपल्याला ठरविता येते.