फुल ॲक्सेसची कुळकथा

चिटणवीस, फडणवीस, वऱ्हाडपांडे ही नागपुरात इतकी सरावाची आडनावं आहेत, की ती मुळात कामांची नावं होती हे चटकन ध्यानात येत नाही. भोसल्यांच्या दरबारात पत्रव्यवहार चिटणविसाकडे, हिशेब फडणविसाकडे, फारसीतला कारभार मुनशीकडे आणि राजाचा शिक्का सिक्केनविसाकडे. लिहिणारा वेगळा, शिक्का सांभाळणारा वेगळा. मराठी कागदावर मजकूर संपला की खाली मोर्तब उठायचं, म्हणजे त्यापुढे कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये.

आज नागपूरच्या मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात एखाद्या कंपनीनं क्लाउडचं खातं उघडलं, की पहिल्याच दिवशी अशीच वाटणी करावी लागते. सर्व्हर चालू-बंद कोण करणार, डेटाबेस नुसता वाचणार कोण, त्यात बदल करणार कोण, बिल बघणार कोण. करावी लागते म्हणजे करायला हवी. प्रत्यक्षात ऐकू येतं ते असं: "फुल ॲक्सेस देऊन टाक ना बे, नंतर काढू." तो नंतर सहसा उजाडत नाही.

संगणकातल्या परवान्यांचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटीत सापडतं. 1961 मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूनं सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायचं, म्हणून प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि प्रत्येकाला पासवर्ड वेगळा. वर्षभरात त्याची शोभा झाली. ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला यंत्राचा वेळ पुरेना, तेव्हा 1962 मध्ये त्यानं पासवर्डांची अख्खी फाईलच छापून मागवली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू ठेवलं. 1966 मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. दाराला कुलूप होतं, पण आत शिरलेल्याला काय करू द्यायचं याचा विचार कच्चा होता.

तो विचार मल्टिक्स आणि युनिक्स या पुढच्या प्रणालींनी केला. मल्टिक्सनं प्रत्येक फायलीसोबत कोणाला काय करता येईल याची यादी ठेवली. युनिक्सनं तेच आटोपशीर केलं. सुरुवातीला मालक आणि इतर एवढेच भेद होते, पुढे मध्ये गट आला. तिघांना वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तीन-तीन मुभा, एकूण नऊ खुणा. परवानगीवरून काही अडलं की आजही लोक सरळ 777 टाकून मोकळे होतात, म्हणजे सगळ्यांना सगळं. आणि या सगळ्यांच्या वर बसलेला रूट, ज्याला कुठलीच खूण अडवत नाही.

1975 मध्ये जेरोम सॉल्झर आणि मायकेल श्रोडर यांनी एका निबंधात जे तत्त्व मांडलं, त्यावर हा धंदा आजही उभा आहे: कामाला लागेल तेवढीच मुभा द्या, वर एक कणही नको. 1992 मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी परवानगी माणसाला न देता भूमिकेला द्यावी अशी मांडणी केली. माणूस बदलला तरी भूमिका तीच राहते.

ॲमेझॉननं 2006 मध्ये एस-थ्री आणि ईसी-टू या क्लाउड सेवा सुरू केल्या, तेव्हा मात्र हे शहाणपण मागेच राहिलं होतं. एक खातं, त्याच्या किल्ल्या, आणि चमूतले सगळे त्याच किल्ल्या वापरणार. एकाच खात्यात अनेकांना वेगवेगळे हक्क देणारी आयएएम ही सोय 2010 मध्ये चाचणीसाठी आली आणि 2011 मध्ये पक्की झाली. तिचं धोरण म्हणजे एक छोटा मजकूर असतो. परवानगी की मनाई, कोणती कृती, कोणत्या वस्तूवर. वर आवृत्तीची तारीख लिहायची, आणि ती अजूनही 2012-10-17 हीच. कडक नियम दोन. लिहून दिलेलं नसेल तर नाही, आणि एका ठिकाणी स्पष्ट मनाई असेल तर दहा ठिकाणची परवानगीही फुकट.

माझ्या मते यातली खरी करामत रोल, म्हणजे तीच भूमिका, ही आहे. रोल कायमचा कुणाचाच नसतो. कामापुरता घ्यायचा, मिळालेली किल्ली ठरल्या वेळी आपोआप निकामी होते. बहुधा तासाभरात, फार तर बारा तासांत. नागपूर दरबारात नेमकं उलटं झालं. पदं वंशपरंपरागत झाली, कामाला माणूस नेमण्याऐवजी घराण्याकडे काम राहिलं. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, 1854 मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. पदं गेली, आडनावं उरली. (2018 च्या जानेवारीत राज्य सरकारनं सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं, तेव्हाचे मुख्यमंत्रीही नागपूरचे फडणवीसच. योगायोग, पण सोडवत नाही.)

रोल जपून दिला नाही तर काय होतं ते 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेनं पाहिलं. एका फायरवॉलच्या रोलला गरजेपेक्षा जास्त साठे वाचण्याची मुभा होती. घुसखोरानं तोच रोल वापरून अमेरिकेतल्या सुमारे 10 कोटी आणि कॅनडातल्या सुमारे 60 लाख लोकांची माहिती उचलली. 2020 मध्ये बँकेला 8 कोटी डॉलरचा दंड झाला.

तेव्हा तुमच्या कंपनीचं, संस्थेचं, अगदी दुकानाचं क्लाउड खातं असेल तर या आठवड्यात वापरकर्त्यांची यादी उघडून बघा. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करा, "तात्पुरता" दिलेला फुल ॲक्सेस काढून घ्या, क्लाउड खात्याच्या रूटला दुहेरी पडताळणी लावा आणि रोजच्या कामाला त्याला हात लावू नका.