नावानिशी ठिगळ

‘पॅच’ म्हणजे ठिगळ. संगणकाच्या दुनियेत हा शब्द आज सगळेच वापरतात, पण सुरुवातीला तो अगदी शब्दशः खरा होता. १९४४ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क वन’ नावाचं भलंमोठं गणनयंत्र सुरू झालं. त्याला द्यायच्या सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिलेल्या असत. भोक भलत्या जागी पडलं तर सगळी पट्टी नव्यानं कोण करणार? त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि पुढं जायचं. झालं ठिगळ!

आता मी कवितेचा माणूस, त्यातून बी.ए. झालेला. संगणकाशी माझा संबंध मजकूर टंकण्यापुरता. तरी या ठिगळांच्या इतिहासात मला रस वाटला, त्याला एक जुनं दुखणं कारण आहे. तरुणपणी एका मासिकानं माझी कविता छापली, तीत एक शब्द बदललेला होता. नवा शब्द तसा वाईट नव्हता. पण कुणी बदलला, कशासाठी बदलला, कळायला काही मार्ग नाही. छापील पानावर दुरुस्तीची खूण राहत नाही. उर्दूत उस्ताद शागिर्दाच्या शेराला ‘इस्लाह’ देतात, म्हणजे दुरुस्त करून देतात. गालिब तर हे काम टपालानं करत. शागिर्द गजल पाठवायचा, गालिब ती सुधारून परत धाडायचे आणि अमुक शब्द का नको हेही पत्रात लिहायचे. ती पत्रं राहिली, म्हणून दुरुस्तीही राहिली आणि तिचं कारणही.

संगणकवाल्यांनी शंभरावर वर्षांनी अशीच टपालाची रीत बसवली, फक्त त्यांची गरज निराळी होती. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी हजारो ओळींचा मजकूरच. त्यातल्या दोन ओळी बदलल्या तर सगळं बाड दुसऱ्याला कशाला पाठवायचं? अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘डिफ’ नावाचा छोटा प्रोग्रॅम केला. जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून तो फक्त फरक काढून देई. फरक निघाला, पण तो दुसऱ्याच्या प्रतीवर चढवायचा कसा? हे काम १९८५ साली लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ या प्रोग्रॅमनं केलं. हे गृहस्थ मुळात भाषाशास्त्र शिकलेले, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. ओळीचा क्रमांक हुकला तरी आजूबाजूच्या ओळी वाचून नेमकी जागा हुडकायची, ही त्यांच्या प्रोग्रॅमची खुबी. संदर्भावरून अर्थ लावण्यासारखंच की हे!

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ‘लिनक्स’चा मजकूर सर्वांसाठी खुला केला. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच लिनक्स आहे. देशोदेशीचे अनोळखी लोक ई-मेलनं ठिगळं पाठवू लागले आणि लिनस ती आपल्या प्रतीवर चढवू लागले. पण यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे माणूस एकटा, टपाल अफाट. पुष्कळ पत्रं तशीच राहून जात. दुसरी मला जास्त बोचते. ठिगळ एकदा मजकुरात मिसळलं की ही ओळ कुणाची, याचा पद्धतशीर हिशेब उरत नसे.

हा हिशेब किती महागात पडू शकतो, ते २००३ साली कळलं. एससीओ या कंपनीनं आयबीएमवर दावा ठोकला, की आमच्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये घातला गेला आहे. खटला पुढं कैक वर्षं चालला. पण २००४ पासून लिनक्समध्ये नियम झाला: प्रत्येक ठिगळाखाली पाठवणाऱ्यानं ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असं लिहून नाव द्यायचं. हे देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही.

२००२ पासून लिनस ‘बिटकीपर’ हा एका कंपनीचा प्रोग्रॅम वापरत होते. एप्रिल २००५ मध्ये त्याची फुकट सवलत वादावादीनंतर बंद झाली, तेव्हा त्यांनी काही दिवसांत स्वतःचा प्रोग्रॅम उभा केला. तोच ‘गिट’. त्याच वर्षी जुलैत त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली.

गिटमध्ये ठिगळ तयार होतं ते चक्क पत्राच्या रूपात. आपण बदल केला, तो का केला हे चार ओळींत लिहून नोंदवला, की ‘फॉरमॅट-पॅच’ ही आज्ञा प्रत्येक नोंदीचं एक पत्र करून देते. वर लेखकाचं नाव, तारीख, विषय; मग कारण; मग तीन आडव्या रेघा; आणि खाली फरक. काढलेल्या ओळीपुढं वजाची खूण, घातलेल्या ओळीपुढं अधिकची. त्या तीन रेघांची गंमत अशी, की त्यांच्या खाली, फरक सुरू होण्याआधी, वाचणाऱ्यासाठी चार शब्द लिहिता येतात. ‘मागच्या खेपेला आपण सुचवलं होतं, ते केलं आहे’ वगैरे. हे शब्द फक्त टपालापुरते. कायमच्या नोंदीत उतरतं ते रेघांच्या वरचंच. पत्रातलं खासगी बोलणं आणि दप्तरी मजकूर यांतली सीमा इतकी स्वच्छ आखलेली मी दुसरीकडं पाहिली नाही.

पत्र मात्र साधंच हवं. ई-मेलच्या प्रोग्रॅमनं सुबकपणासाठी ओळ मध्येच मोडली, की ठिगळ बसत नाही. नीट आलं तर तपासणारा ओळीखाली ओळ लिहून शंका काढतो, लेखक दुसरी-तिसरी आवृत्ती पाठवतो. शेवटी ‘एएम’ ही आज्ञा टपालपेटीतलं पत्र उचलून मजकुरावर चढवते. त्या वेळी दोन नावं वेगवेगळी नोंदली जातात: लिहिणाऱ्याचं एक आणि चढवणाऱ्याचं दुसरं. शागिर्द कोण, उस्ताद कोण, दोन्ही कायम. आज पुष्कळ ठिकाणी संकेतस्थळावर बटण दाबून बदल पाठवतात. पण लिनक्स आणि खुद्द गिट यांचं काम अजून मुख्यतः या पत्रांवरच चालतं. दर नऊ-दहा आठवड्यांनी निघणाऱ्या लिनक्सच्या नव्या आवृत्तीत असे दहा हजारांच्या वर बदल असतात.

कुठली ओळ कुणी लिहिली ते विचारायची आज्ञाही गिटमध्ये आहे. तिचं नाव ‘ब्लेम’, म्हणजे ठपका. मला हे नाव मुळीच पसंत नाही. कर्त्याचं नाव विचारायला ठपका कशाला? पण लिनक्सच्या जुन्या ओळींवर ही आज्ञा चालवली, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: लिनस टोर्वाल्ड्स, १६ एप्रिल २००५. त्या दिवशी त्यांनी सगळा मजकूर गिटमध्ये एकगठ्ठा भरला आणि आधीचा इतिहास मागं सोडला. तो फार मोठा होता आणि नवा प्रोग्रॅम जेमतेम पंधरवड्याचा. पुढं काहींनी खटपट करून जुना इतिहास वेगळा जुळवला, पण तो शेजारी ठेवावा लागतो. मुख्य दप्तरात चौदा वर्षांच्या अनोळखी हातांच्या ओळी आजही लिनस यांच्याच नावावर आहेत.