डिसेंबर १९२०

'नागपूर अधिवेशन, असहकाराचा ठराव' ही ओळ आपण सर्वांनी घोकली. परीक्षेपुरती ती पुरली.

त्या महिन्यात जिनिव्हात राष्ट्रसंघाची पहिली महासभा आटोपली. परतंत्र हिंदुस्थान तिचा सभासद होता, हेही एक नवलच! आयर्लंडमध्ये सरकारी दलांनी कॉर्क शहराचा मध्यभाग जाळला आणि २३ तारखेला त्या देशाच्या फाळणीचा कायदा झाला. नाताळात फ्रान्समधील तूर येथे समाजवादी पक्ष फुटला. पुढे हो ची मिन्ह म्हणून गाजलेला तरुण तिथे बोलला होता.

त्याच आठवड्यात आपल्या नागपुरात चौदा हजारांवर प्रतिनिधी जमले. अध्यक्ष विजयराघवाचार्य. विरोध करायला आलेल्या चित्तरंजन दासांनीच ठराव मांडला. 'मिस्टर गांधी' म्हणणाऱ्या जिनांविरुद्ध सभेने आरडाओरडा केला. ते शांतपणे ऐकून घ्यायला हवे होते, असे मला वाटते.

पण आपल्याशी संबंध आहे तो ठरावातील शाळांच्या कलमाचा. सोळा वर्षांखालील मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांतून काढा, असे पालकांना आवाहन होते. सोळा आणि त्यावरच्यांना मात्र थेट सांगितले होते: मनाला पटत असेल, तर परिणामांची पर्वा न करता बाहेर पडा. सोळा म्हणजे मॅट्रिकचे वय. मॅट्रिक म्हणजे नोकरी, घराचा आधार. वडिलांना काय सांगायचे?

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर आंदोलन थांबले. तेव्हा बाहेर पडलेली ती सोळाची मुले जेमतेम सतरा-अठराची होती.