फूट-किलोची वही

वडिलांच्या गॅरेजमधली एक वही माझ्याकडे आहे. लांबट, हिशेबाची, कडा तेलानं काळ्या पडलेल्या. त्यात गाडीचा भाग, मग एक आकडा, मग दुसरा आकडा अशा ओळी आहेत. पानाच्या डोक्यावर ‘फू. कि.’ अशी दोन अक्षरं. वडील गेल्यानंतर बरीच वर्षं मला ती उलगडली नाहीत. वजन-मापांच्या इतिहासाची पुस्तकं जमवायला लागलो तेव्हा कळलं, की जगातल्या कुठल्याही देशानं कधीच मान्य न केलेलं हे एकक आहे : फूट-किलो. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका दहा बाय पंधराच्या खोलीत तयार झालं आणि तिथंच संपलं.

बोल्ट किती आवळायचा हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर ताणला जातो, ॲल्युमिनियमच्या भागातला असेल तर आटे घेऊनच बाहेर येतो. पान्याच्या टोकाला लावलेला जोर गुणिले पान्याची लांबी म्हणजे बोल्टला मिळणारा पीळ. भौतिकशास्त्रवाले याला परिबल म्हणतात, गॅरेजात त्याला ‘टार्क’ म्हणतात. ‘टॉर्क’ हा इंग्रजी शब्दही तसा जुना नाही. जेम्स थॉमसन या अभियंत्यानं, म्हणजे लॉर्ड केल्विनच्या थोरल्या भावानं, तो १८८४ मध्ये सुचवला. पीळ मोजणारा पाना त्याहून अलीकडचा. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बार यांनी १९१८ च्या सुमारास तो बनवला असं मानतात. नळांचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळत, ही त्यांची अडचण होती.

आमच्याकडच्या कामगारांचीही तीच होती. फक्त पाना नव्हता.

उद्यमनगरात त्या काळी मापांच्या दोन दुनिया शेजारी शेजारी नांदत होत्या. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि तिच्या बुलेटबरोबर इंग्रजी आटे आले. व्हिटवर्थ साहेबानं १८४१ मध्ये ठरवलेल्या आट्यांचं हे खानदान मोठं विक्षिप्त. पान्यावर छापलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. नवा पोरगा पहिले सहा महिने चुकीचाच पाना आणून देई. मग म्हैसूरची जावा आली. ती मूळची चेकोस्लोव्हाकियाची, म्हणजे मिलिमीटरवाली. वडिलांकडे पान्यांच्या दोन पेट्या होत्या, एक ‘सुताची’ आणि एक ‘मिलीची’. इंचाचे आठ सूत, हे सुताराचं माप फिटरांनीही उचललेलं होतं.

देशातही तेव्हा हीच उलथापालथ चालू होती. १९५६ चा वजन-मापांचा कायदा, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक वजनं. शेर-मणाच्या जागी किलो कसा आला, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ते सगळं बाजारपेठेबद्दल. कारखान्यातल्या आणि गॅरेजातल्या माणसानं काय केलं, ते फारसं कुणी नोंदवलेलं नाही.

वडिलांनी काय केलं ते वहीत आहे. त्यांच्याकडे पौंडाचा ताणकाटा होता. रिंग पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर एक फुटावर त्यांनी कानशीनं खाच केली होती. खाचेत ताणकाट्याचा आकडा अडकवायचा, पान्याशी काटकोन धरून ओढायचं, काटा सतरावर आला की थांबायचं. झाले सतरा फूट-पौंड. पीळ मोजण्याची यापेक्षा प्रामाणिक रीत मला माहीत नाही. महागड्या पान्यातही शेवटी स्प्रिंग किंवा वाकणारी दांडीच असते.

पुढं तो काटा बिघडला आणि बाजारात मिळाला तो किलोचा. पान्यावरची खाच मात्र फुटावरच राहिली. पाना बदलायचा तर पैसे पडणार, म्हणून वडिलांनी एकक बदललं. इंग्रजी पुस्तिकेतला फूट-पौंडाचा आकडा आला की त्याला २.२ नं भागायचं. त्यानंतर १९८४-८५ पासून जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या गाड्यांची रांग लागली. त्यांच्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर. मग आकड्याला ३.२८ नं गुणायचं, कारण मीटरमध्ये ३.२८ फूट. सातवी शिकलेल्या माणसाचा हा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ७.२३३ फूट-पौंड, २.२ आणि ३.२८ चा गुणाकार येतो ७.२१६. दोन आकडी गुणकांवर चाललेल्या हिशेबात एवढा फरक म्हणजे काहीच नाही.

यात एक गोम आहे, ती वडिलांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. किलो हे वस्तुमानाचं माप, जोराचं नव्हे. किलोभर वस्तूचं वजन विषुववृत्तावर किंचित कमी आणि ध्रुवाकडे किंचित जास्त भरतं. म्हणून १९०१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गुरुत्वत्वरणाचा ९.८०६६५ हा आकडा ठरवून टाकावा लागला. १९४८ मध्ये जोराच्या एककाला न्यूटन हे नाव मिळालं. एक न्यूटन-मीटर किती, असं कुणी विचारलं तर मी सांगतो : मीटरभर दांडीच्या टोकाला पावणेनऊ तोळे सोनं टांगा. किलोग्रॅम-मीटरचे न्यूटन-मीटर करायला दहानं गुणलं तरी चूक दोन टक्क्यांचीच होते. म्हणून जपान्यांना बदल सोपा गेला. त्यांच्या कायद्यानं किलोग्रॅम-बलाला ३० सप्टेंबर १९९९ पर्यंतच मुदत दिली होती. पुस्तिकांमधला दशांश चिन्हाचा ठिपका एक घर सरकला आणि काम झालं.

तो ठिपका मला महागात पडला. २००२ मध्ये मी टॉर्क पाना विकत घेतला. उद्यमनगरात तेव्हा ती चैनच होती. दांड्यावर दोन मोजपट्ट्या, एकीकडे न्यूटन-मीटर, दुसरीकडे फूट-पौंड. मेहुण्याची नवी गाडी आली होती, तिच्या हँडलच्या बोल्टांना पुस्तिकेत २३ न्यूटन-मीटर लिहिलेलं. मी मोठ्या रुबाबात पाना २३ वर लावला, खटका ऐकला, पुढचा बोल्ट घेतला. मोजपट्टी फूट-पौंडाची होती. म्हणजे मी ३१ न्यूटन-मीटर लावले, छत्तीस टक्के जास्त. शिवाय आट्यांना तेल लावलेलं. आपण लावलेल्या पिळातला साधारण दहावा हिस्साच बोल्टला ताणतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि तोच आकडा बोल्टला पुष्कळ जास्त ताणतो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी होता.

तीन महिन्यांनी गगनबावड्याच्या घाटात, एका वळणावर, मेहुण्याच्या हातात हँडल फिरलं. तो डोंगराच्या बाजूच्या गटारात गेला म्हणून वाचला. कॉलरबोन मोडली. एक बोल्ट तुटला होता, त्याच्या शेजारचा मधोमध बारीक झाला होता, ओढलेल्या गुळाच्या तारेसारखा. तो दुसरा बोल्ट वडिलांनी बोटांत धरून बराच वेळ फिरवला आणि काही न बोलता खिशात टाकला. कंपनीचा माल खराब, असंच मेहुण्याला वाटत होतं. मी त्याला खरं सांगायला दीड वर्ष लावलं.

वहीच्या सव्विसाव्या पानावर एक ओळ आहे : ‘हँडल बोल्ट – २.३ – साडेसात’. जुन्या जपानी गाडीचा, पण तोच बोल्ट, तीच जाडी. २.३ किलोग्रॅम-मीटर म्हणजे साडेसात फूट-किलो, म्हणजे साडेबावीस न्यूटन-मीटर. शेजारी बारीक अक्षरात : ‘तेल नको’. मी २३ चा खटका ऐकत होतो तेव्हा ही वही माझ्यापासून चार हातांवर, पंक्चरच्या सामानाच्या खणात पडलेली होती.

त्यानंतर मी पान्याच्या फूट-पौंडाच्या बाजूवर काळी पट्टी चिकटवली. ती वीसेक वर्षं टिकली. मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एकानं आजोबांची बुलेट आणली, सोबत इंग्रजी पुस्तिका, सगळे आकडे फूट-पौंडात. पट्टी सोलायला मी नख लावलं आणि थांबलो. आतल्या खोलीतून खाचेचा पाना काढला, भाजीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला आणि वहीतलं पान उघडलं.