नावानं गाळलेला घाम

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या घाटरस्त्यांवर उजाडायच्या आत पोरं धावताना दिसतात. कुणाला सैन्यात जायचंय, कुणाला पोलिसात. आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो: 1600 मीटर. भरतीत मुलांना एवढं अंतर ठरल्या वेळेत कापावं लागतं.

हे अंतर म्हणजे जवळपास 1 मैल, आणि अमेरिकेत या मैलाला एका सैनिकाचं नाव जोडलेलं आहे. लेफ्टनंट मायकेल मर्फी अमेरिकी नौदलाच्या सील पथकातला. 28 जून 2005 रोजी अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात त्याची छोटी तुकडी वेढली गेली. डोंगराच्या आडोशाला संपर्क लागेना, म्हणून मदत मागायला तो उघड्यावर आला आणि मारला गेला. तो जो व्यायाम करायचा, त्याला क्रॉसफिट ही व्यायामपद्धत पाळणाऱ्यांनी ‘मर्फ’ हे नाव दिलं. 1 मैल धावायचं, मग 100 पुल-अप, 200 जोर, 300 बैठका आणि शेवटी पुन्हा 1 मैल. अंगात 20 पौंडांचं, म्हणजे सुमारे 9 किलोंचं जाकीट. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, तिकडच्या स्मृतिदिनी, हजारो माणसं हा व्यायाम करतात.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. रणात पडलेल्यांसाठी वीरगळ उभारणारा हा मुलूख त्यांच्यासाठी अंगमेहनतही करत आला आहे.

नाशिकमध्ये धुळवडीला वीर निघतात. देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, हलगीच्या तालावर नाचवत गोदावरीवर नेले जातात. त्यात मान दाजीबा वीरांचा. परंपरा सांगते की दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीचा एक गवळी अंगाला हळद लागलेली असताना वाटेत मारला गेला. लग्न राहून गेलं, म्हणून त्याचं रूप घेणारा आजही बाशिंग बांधूनच निघतो. मेलेल्या माणसाची अपुरी राहिलेली वरात जिवंत माणसानं स्वतःच्या पायांनी पुढे न्यायची! स्मारकाची इतकी हळवी कल्पना क्वचितच सापडेल.

मर्फशी थेट नातं सांगणारी वाट मात्र कोल्हापूरकडे आहे. जुलै 1660. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. भर पावसात, रात्रीच्या काळोखात शिवाजी महाराज सुमारे 600 मावळ्यांनिशी विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद यांनी महाराजांचा वेश घेऊन शत्रूला चकवलं आणि त्याची किंमत प्राणांनी चुकवली. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे पाठलागाच्या आड उभे राहिले. विशाळगडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत खिंड सोडायची नाही, एवढंच ठरलेलं. बाजी पडले, त्यांचे भाऊ फुलाजी पडले, आणि खिंडीचं नाव पावनखिंड झालं.

दर जुलैमध्ये हजारो लोक पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे त्याच वाटेनं पायी निघतात. म्हसाई पठारावर धुकं इतकं दाट की पुढचा माणूस दिसत नाही. पुढे पोटरीभर चिखल, भरून वाहणारे ओढे, पायाला चिकटणाऱ्या जळवा. सुमारे 50 किलोमीटरचं हे अंतर बहुतेक जण दोन दिवसांत पार करतात, वाटेत मुक्काम करून. मावळ्यांना ती सवड नव्हती; ते महाराजांची पालखी घेऊन रात्रभर जवळजवळ धावतच होते. हा फरक पुस्तकात वाचून कळतो खरा, पण पटतो तो दुसऱ्या दिवशी पाय उचलेनासे झाल्यावर.

सुरगाण्यालाही असं नाव शोधायला लांब जावं लागणार नाही. तालुक्यातला हातगड नाशिक-सापुतारा वाटेवर उभा आहे, आणि शेजारच्या बागलाणात साल्हेर. 1567 मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. फेब्रुवारी 1672 मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवलं. त्या लढाईत मराठा सरदार सूर्याजी काकडे जंबुरक्याचा, म्हणजे उंटावरच्या छोट्या तोफेचा, गोळा लागून पडले.

पहाटे 1600 मीटर मारणाऱ्या पोरांनी फेब्रुवारीतली एक सकाळ साल्हेरच्या चढासाठी राखावी. निघताना सूर्याजींचं नाव घ्यावं, आणि माथा येईपर्यंत थांबू नये.